साडेबाराची सावली

नाना,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. वैशाख आहे. कौलांच्या फटींतून ऊन टेबलावर पडतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजायला आले की माझा हात आपोआप थांबतो. समोरच्या तुमच्या खुर्चीवरून कुणीतरी उठल्यासारखं वाटतं. मग चुन्याच्या फक्कीच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. तो पत्र्याचा डबा कपाटात कुलपात आहे आणि किल्ली माझ्या खिशात आहे, हे माहीत असूनही मी मान वर करून बघतो. परवा शिपायाने विचारलं, "काय झालं साहेब?" मी म्हटलं, काही नाही. तो गेल्यावर उठून मी कपाट उघडलं आणि डबा जागेवर आहे ना, ते पाहिलं.

तुमच्याबद्दल चार शब्द लिहून द्या, असं मला ऑफिसातून सांगितलंय. जन्म कुठला, नोकरीला कधी लागलात, कुठे कुठे बदली झाली, ते हेडक्लार्क लिहील. त्याच्याकडे तुमची फाइल आहे. मला तुमच्याशीच बोलायचंय. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. तिच्यापाशी पोचेपर्यंत मी थोडं इकडचं तिकडचं बोलेन. माझी ही सवय तुम्हाला नवी नाही.

तुम्ही सर्व्हेअर, मी ट्रेसर. तुम्ही साखळी आणि टेप घेऊन जमीन मोजायची, फील्डबुकात आकडे लिहायचे. मी त्या आकड्यांवरून आधी कागदावर पेन्सिलीने आणि मग ट्रेसिंगच्या कापडावर शाईने नकाशा करायचा. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आपल्या वाट्याचे. दक्षिण साताऱ्याचं नाव बदलून सांगली झालं तेव्हा कपाटभर नकाशांची शीर्षकं मी खोडून नवी लिहिली. तुम्ही माझ्या पाठीमागे उभे राहून म्हणालात, "नाव बदललंस, आता जरा जमीन बी बदल की. आमच्या खटावात एक नदी काढ." तुम्ही वडूजच्या बाजूचे. एका बाभळीखाली माणसं, शेळ्या आणि बैल एकत्र उन्हाळा काढतात, असल्या गावात वाढलेले. मी साताऱ्याच्या पेठेतला. मला सावली ठाऊक होती ती भिंतीची.

मग तो फॉर्म आला. गावोगावच्या आराखड्यांत ज्या जागा हिरव्या रंगवून बागेसाठी राखल्या होत्या, त्यांतल्या किती ठिकाणी खरोखर बाग झाली आणि ती कशी आहे, हे जाऊन बघायचं आणि रकाने भरून पाठवायचं. क्षेत्र किती, झाडं किती लावली, कुंपण आहे की नाही, शेरा. मी म्हटलं, आराखडे माझ्याच कपाटात आहेत, बसल्या जागी आठ दिवसांत भरून टाकतो. तुम्ही माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलंत की जणू मी जेवण न करताच ताट घासायला ठेवलंय.

"आरं, कागद कागदाला बगून भरनार व्हय? भुईवर चल. आन् आत्ता न्हाई, पावसाळ्यात काठी बी हिरवी दिसती. वैशाखात जाऊ."

त्या वैशाखापासून आपली ती वणवण सुरू झाली. फॉर्मच्या उजव्या समासात तुम्ही पेन्सिलीने दोन रकाने स्वतःचे आखलेत. एक, माथ्यावर सूर्य असताना सावली किती. दुसरा, त्या सावलीत बसलेली माणसं किती. आणि वेळ बाराची नाही, साडेबाराची. "घड्याळातलं बारा सरकारचं हायत," तुम्ही म्हणायचात, "आपल्याकडं सूर्य अर्धा तास उशिरा डोक्यावर येतो. तवा आपली सावली आपल्या पायात घुसती. तवाची सावली खरी." मग डबा उघडून झाडाच्या सावलीच्या कडेकडेने तुम्ही फक्कीची पांढरी रेघ ओढायचात, आडवी-उभी टेप धरायला लावायचात, आणि आकडा लिहिल्यावर धोतर सावरून त्याच सावलीत मांडी घालून बसायचात. भर दुपारी झाडाखाली जाऊ नये, भुतं असतात, असं मी एकदा गमतीने म्हटलं. तुम्ही म्हणालात, "असू देत की. भुताला बी ऊन लागतंच."

आठवतं, कारखान्याच्या एका गावात बाग पाहिली होती? कमान, कारंजं, मेंदीचं कातरलेलं कुंपण, मधोमध गुलाबाचे ताटवे. माझा जीव हरखून गेला होता, कारण आराखड्यात होती तश्शी ती जमिनीवर उतरली होती. साडेबाराला तुम्ही सगळी बाग फिरून आलात आणि फक्कीचा डबा उघडलाच नाहीत. रेघ ओढावी एवढी सावलीच नव्हती. बसलेला माणूस एकच, राखणदार, तोही कमानीच्या भिंतीला चिकटून. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या स्टेशनबाहेर, टांगे उभे राहतात त्या वडाखाली, तुम्ही रेघ ओढलीत आणि मला माणसं मोजायला लावलीत. त्रेचाळीस माणसं, चार घोडी आणि तंबोऱ्याचे भोपळे घेऊन बसलेला एक म्हातारा. तुम्ही खुशीत फॉर्म पुढे केलात, की लिही, बाग.

"नाना, ह्याला बाग म्हणत नाहीत. ही जागा राखलेली नाही, आराखड्यात नाही."

"आन् ती कमानवाली हाय आराखड्यात?"

"आहे."

"मग आराखडा घेऊन बस तिच्यात दुपारचा."

हे भांडण आपण तीन वर्षं एसटीच्या बाकांवर बसून केलं. कोरेगावच्या फाट्यावर सुरू व्हायचं आणि विट्याला उतरताना तसंच अर्धं राहायचं. मी म्हणायचो, आराखड्यात जागा राखली नाही तर उद्या तो वडसुद्धा राहणार नाही. तुम्ही म्हणायचात, राखली म्हणून काय राहिली? दोघांचंही खरं होतं, नाना. माझ्या हातून जे झालं त्यानंतर तर तुमचंही आणि माझंही जास्तच खरं ठरलं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. नदीपासून दीड मैलावर, गावाच्या कडेची ती चौकोनी मोकळी जागा, आणि तिला लागून बौद्ध वस्ती. जागा बागेसाठी राखलेली होती आणि आता बाग खरंच होणार होती, म्हणून मोजणीला आपण गेलो होतो. जागेच्या खालच्या कोपऱ्यात एक जुना करंज होता. काय झाड होतं ते! सगळा माळ भाजून निघालेला, आणि त्या कोपऱ्यात नवी कोवळी पालवी चमकत होती. खाली पोरांच्या पाट्या पडलेल्या, बाया वाकळा शिवत बसलेल्या, एका बाजूला न्हावी कुणाची तरी दाढी करत होता.

तुम्ही सवयीने डबा उघडून रेघ ओढायला लागलात. तेव्हा त्या बायांतली सोनाबाई हसली. कपाळ मोकळं, हातात सुई, दात एक पडलेला. "आवं सायेब, झाडाचं लगीन हाय का काय? रांगोळी काढताय ती!"

बाया फिस्कन हसल्या. तुम्हीही हसलात. "व्हय बाई, लगीनच हाय. वऱ्हाडी मोजायला आलोय."

एकोणतीस माणसं निघाली. मग सोनाबाईने आपणहून सांगितलं, की धर्म बदलायचा की नाही ह्याची बैठक ह्याच झाडाखाली झाली होती. दोन दिवस चालली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी घरातले देव उचलले ते इथूनच जाऊन. पुढे नव्या रीतीने पहिलं लग्न लागलं तेही इथेच, आणि ते तिच्याच लेकीचं. ती हे सांगत असताना तुम्ही उभे होतात, मग हळूच खाली बसलात.

उठताना तिने विचारलं, "बाग झाली की ह्ये झाड तोडनार न्हवं?"

"कोन हात लावनार न्हाई. ह्ये बगा, लिवून घेतलंय." तुम्ही फील्डबुक उघडून तिला दाखवलंत. तिला वाचता येत नव्हतं. तुम्ही बोट ठेवून वाचून दाखवलंत: करंज, जुना, खालचा कोपरा, बुंधा एवढा, सावली एवढी, राखावा. "राखावा" खाली दोन रेघा मारल्यात. तिने तुमच्या बोटाखालचं अक्षर नीट पाहून घेतलं.

आता सांगतो, नाना.

पेन्सिलीच्या नकाशावर ते झाड होतं. मी स्वतः काढलं होतं, तुमच्या आकड्यांवरून, बिनचूक जागी. मग कापडावर शाईने उतरवताना माझी पंचाईत झाली. कापडाचा तुकडा अपुरा होता. उत्तरेचा बाण, मापाची पट्टी आणि खुणांची सूची कुठे बसवायची, हे सुचेना. नकाशाचा खालचा कोपरा मोकळा दिसत होता. त्यात एक वर्तुळ होतं, बस्स. मी मनाशी म्हटलं, एका झाडाची टीप काय, बाजूला लिहू. आणि त्या कोपऱ्यात मी सूचीची चौकट आखली. दुहेरी रेघेची, कोपऱ्यांना नक्षी असलेली. सगळ्या ऑफिसात तशी चौकट माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगायचात. चौकटीत रस्त्याची खूण काढली, विहिरीची काढली, कुंपणाची काढली. शेवटची खूण म्हणून एक सुरेख हिरवं वर्तुळ काढलं, आतून पानांची नाजूक कातर दिली, आणि पुढे टाकाने लिहिलं: झाड.

खरं झाड त्याच वर्तुळाच्या खाली गेलं.

टीप लिहायची राहिली. मुद्दाम नाही. त्या दिवशी आणखी दोन नकाशे द्यायचे होते, चौकट सुंदर जमली होती, मी खूश होतो. मी विसरलो. खोटं बोलत नाही. पण विसरलो हे मला आठवलं कधी, ते मात्र नेमकं सांगतो. नकाशाच्या निळ्या प्रती ठेकेदाराकडे गेल्या त्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा उघडताना मला लख्ख आठवलं. तेव्हा उठून साहेबांकडे गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. एवढा देखणा नकाशा आणि त्यात एवढी पोरकट चूक! मला लाज वाटली. मी भाकरी खाल्ली. ठेकेदाराला काय डोळे नाहीत, एवढं मोठं झाड दिसणार नाही का, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

त्याला दिसलं. पण नकाशात नव्हतं.

पुढच्या वैशाखात आपण ती बाग तपासायला गेलो. तारेचं कुंपण, ओळीने लावलेली गुलमोहराची रोपं, फुलांचे वाफे, सिमेंटची बाकं. फाटक रस्त्याच्या बाजूला, वस्तीकडे पाठ. फाटकाला पाटी: बाग दुपारी बंद राहील. खालच्या कोपऱ्यात एका बाकाखाली करंजाचं खोड जमिनीबरोबर कापलेलं दिसत होतं, परातीएवढं, आणि त्यातून फुटलेले कोंभही कुणीतरी छाटलेले.

राखणदाराने आपल्याला आत घेतलं. साडेबारा वाजले. तुम्ही डबा हातात धरून त्या कोपऱ्यात उभे राहिलात. डोक्यावर टोपी, आणि बाकी सगळीकडे ऊन. तुमची सावली तुमच्या पायात घुसलेली. तारेपलीकडे सोनाबाई येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर ओढलेला. ती ओरडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. ती नुसतं म्हणाली, "सायेब, लिवून घेतलंतं न्हवं?"

मी तुमच्या मागे दोन हातांवर होतो. मग तुम्ही म्हणालात, "माज्याकडनं ऱ्हायलं, बाई."

मी तुम्हाला तसं म्हणू दिलं.

तुमच्याकडून काही राहिलं नव्हतं, हे त्या जागी दोघांना तरी नक्की माहीत होतं. मला आणि तिला. तिने तुमचं बोट अक्षरावर ठेवलेलं पाहिलं होतं. ती तुमच्याकडे बघत राहिली, आणि मग एकदाच, तुमच्या खांद्यावरून, माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून माझ्या मागे आहे. ऑफिसात, घरी, देवळात, जेवताना. भर उन्हात रस्ता ओलांडताना एखाद्या ठिकाणी उगाच गार वाटलं की मी दचकतो. माझा पाय त्या करंजाच्या सावलीत पडला, असं वाटतं.

वस्तीतून अर्ज आला, आणि साहेबांनी तुम्हाला बोलावून घेतलं. फील्डबुकात नोंद होती का, ह्यावर सगळं ठरणार होतं. मी दाराबाहेर थांबलो होतो. नोंद निघाली की चूक ट्रेसरची, हे उघड होतं. तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, "चल, चा पिऊ." "बुकात नोंद नाही, माझीच चूक," असं तुम्ही सांगून आला होतात. तुमच्यावर ठपका आला, होणारी बढती गेली. मला वाटलं, घाईत तुम्हाला नोंद सापडली नसेल. की मला तसं वाटून घ्यायचं होतं, कोण जाणे. माणूस स्वतःला वाचवायला लागला की त्याला काहीही वाटू शकतं. चहा मात्र मी पाजला, हेही सांगून टाकतो.

अहवालात त्या बागेपुढे शेऱ्यात मी "पूर्ण" लिहिलं. क्षेत्र बरोबर, झाडं बरोबर, कुंपण बरोबर. तुमचे पेन्सिलीचे दोन रकाने पक्क्या प्रतीत घ्यायचे नाहीत, असा हुकूम होता. त्या दिवशी तुम्ही भांडला नाहीत. मी वाट बघत होतो, की आता तुम्ही टेबलावर हात आपटाल, मला शिव्या द्याल. त्यानंतरच्या तीन वर्षांत तुम्ही माझ्याशी एकदाही भांडला नाहीत, नाना. ते मला फार जड गेलं.

मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी आलो होतो. खिडकीतून अंगणातली चिंच दिसत होती. तुमचा आवाज अगदी आत गेलेला. "विन्या, जाऊन बग रं, खाली किती मानसं बसल्यात."

मी खाली गेलो. मोजली. पेशंटांचे नातेवाईक, स्टोव्ह, डबे, वाळत घातलेली धोतरं. वर येऊन सांगितलं, "एकवीस."

"आन् फुडं ती कुंड्यावाली बाग हाय दवाखान्याची, तितं?"

"कुणी नाही."

तुम्ही हसलात. खोकला आला. मी पाणी पाजलं. आणि मग ठरवून आलो होतो ते बोलायला तोंड उघडलं. "नाना, त्या करंजाचं..." एवढंच म्हटलं. तुम्ही डोळे मिटून हात हलवलात. "ऱ्हाऊ दे." मला वाटलं, तुम्हाला आणखी पाणी नको आहे. की बोलण्याचा त्रास होतोय. मला सुटल्यासारखं झालं. होय, सुटल्यासारखं. त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर तुमच्या घरी काकींनी मला आत बोलावलं. लाल फडक्यात बांधलेलं फील्डबुकांचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. "ह्ये तुमच्या हापिसचं हाय म्हनं. ऱ्हाऊन ग्येलं घरात. त्यास्नी लय जपायचे. न्या बाबा, मला ह्यातलं काय कळतंय."

एसटीत मांडीवर घेऊन बसलो. पुसेगाव येईपर्यंत उघडायचा धीर झाला नाही. मग उघडलं. ते बुक, ती मोजणी, तुमचं बारीक तिरपं अक्षर. छत्तिसाव्या पानावर त्या जागेची वरची बाजू. पुढचं पान अडतीस.

सदतिसावं पान नव्हतं. पात्याने, शिलाईच्या कडेला धरून, सरळ कापलेलं.

नाना, फील्डबुकाचं पान कधी फाडत नाहीत. प्रत्येक पानावर छापील आकडा असतो, तो त्याचसाठी. चुकीचा आकडासुद्धा खोडायचा तो आडव्या रेघेने, खालचा वाचता येईल असा, आणि शेजारी सही करायची. मी एकदा रबर वापरलं होतं तर तुम्ही ते माझ्या हातातून घेऊन खिडकीबाहेर फेकलं होतं. "भुई खोटं बोलत न्हाई, आन् तू तिच्या तोंडाला फडकं मारतोस?" तीस वर्षांच्या नोकरीत एका पानाला हात न लावलेला माणूस, आणि त्याने हे केलं.

म्हणजे तुम्ही पाहिलं होतं. साहेबांच्या खोलीत जायच्या आधी बुक उघडून पाहिलंत, नोंद वाचलीत, नकाशा पाहिलात, माझी ती नक्षीदार चौकट पाहिलीत. मग पान कापलंत, आत गेलात, आणि बाहेर येऊन मला म्हणालात, चल, चा पिऊ. तीन वर्षं माझ्यासमोर बसलात. माझ्या मुलीच्या बारशाला आलात. सगळं माहीत असताना.

मी त्या एसटीत रडलो, हे खरं आहे. पण त्याआधी मला तुमचा राग आला, तेही खरं. का केलंत असं? मी नवीन लग्नाचा, नोकरी कच्ची, म्हणून? की मी आपणहून येऊन सांगतो का, हे बघत राहिलात? मला विचारलं का नाहीत एकदा? एक सणसणीत शिवी घातली असतीत तर मी तिथंच सगळं ओकून मोकळा झालो असतो. तुम्ही मला वाचवलंत आणि तीन वर्षं त्या उन्हात उभं केलंत. माझा चांगुलपणा कमी पडला असेल, पण तुमचाही जरा जास्तच झाला, नाना. हे तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल. आणि ती नोंद तुमची एकट्याची नव्हती. बोट ठेवून तुम्ही ती त्या बाईला दिली होती. माझ्यासाठी ती पुसायचा हक्क तुम्हाला नव्हता.

काल मी तिथे गेलो. रजा टाकून, एकटा, डबा आणि टेप घेऊन.

सोनाबाई दारातच होती. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नोंद होती, नानांनी लिहिलेली होती, झाड नकाशात मी झाकलं. तोंडपाठ करून आलो होतो, तरी दोनदा अडखळलो. वस्तीतली आणखी चारपाच माणसं जमली.

सोनाबाई म्हणाली, "मला ठावं हाय. त्या दिशी तुमचं तोंड बगूनच मला कळलं. नानास्नी मी म्हनलं बी, त्यो मागला मानूस कशाला थरथरत हुता?"

"काय म्हणाले ते?"

"म्हनले, त्येला येऊ दे त्येच्या पायानं."

मला तिथे उभं राहवेना. बसावं तर सावली नव्हती.

"आमास्नी काय," ती म्हणाली, "कुनाच्या का हातनं जाईना, झाड ग्येलं ते ग्येलंच. माजी नातवंडं आता पत्र्याखाली शिजत्यात. माफी-बिफी मला कळत न्हाई. पर नाना दर सालाला यायचे, ह्याच टायमाला. त्यांनी ते लावलंय." तिने बागेच्या कुंपणाबाहेर, वस्तीच्या अंगाला, हात केला. काट्यांच्या आळ्यात छातीएवढं एक करंजाचं रोप. दोनदा शेळ्यांनी खाल्लं, तिसऱ्यांदा जगलं, असं ती म्हणाली. पाणी वस्तीतली माणसं घालतात, आणि तुम्ही येऊन दरवर्षी त्याची सावली मोजून जात होतात. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. वैशाखात एक दिवस तुम्ही गावी म्हणून रजा घ्यायचात, तो हा.

"आता तू येनार का?" तिने विचारलं. मला ती तुम्ही नाही, तू म्हणाली. मी हो म्हटलं.

साडेबारा वाजले. मी फक्कीचा डबा उघडला. रेघ वेडीवाकडी आली. टेपचं दुसरं टोक तिने धरलं, सवयीचं असल्यासारखं. तुमच्यासाठीही ती धरत असणार. सगळी सावली एका सुपाएवढी भरली. मी कोरं फील्डबुक उघडून पहिल्या पानावर लिहिलं: करंज, लहान, कुंपणाबाहेर, सावली सुपाएवढी, राखावा. "राखावा" खाली दोन रेघा मारल्या. मग दुसरा रकाना आला. बसलेली माणसं. मी शून्य लिहायला लागलो.

"थांब," सोनाबाई म्हणाली. ती काटे बाजूला सारून खाली बसली, आणि मान पुढे करून तिने डोकं तेवढं त्या सावलीत घातलं. बाकी सगळी ती उन्हात होती.

"आता लिव. एक."

मी एक लिहिलं, आणि खाली माझ्या नावाची सही केली.